बेस गिटार आणि स्टेजवरचे बिघाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑर्केस्ट्रा, लग्नाचा कार्यक्रम, गणेशोत्सवातला मांडव, कॉलेजचा बँड, गोव्यातली चर्चची फेस्ताची रात्र. ठिकाण कुठलंही असो, बेस वाजवणारे हेच प्रश्न विचारतात. खालच्या सगळ्या उत्तरांमागे एकच भूमिका आहे: गाणं चालू असताना बिघाड दुरुस्त करायचा नसतो, आवाज परत आणायचा असतो. नेमकं काय बिघडलं होतं ते कार्यक्रम संपल्यावर निवांत शोधता येतं. याला अपवाद फक्त विजेचा. तिथे गाणं थांबवायचंच.

गाणं चालू असताना बेसचा आवाज एकदम गेला. सगळ्यांत आधी काय बघायचं?

बेसवरचा व्हॉल्यूम आणि पायाखालचा ट्यूनर, म्हणजे सूर तपासायचं पेडल. चालू असला की असे बहुतेक ट्यूनर पुढचा आवाज बंद करतात, आणि अंधारात पाय लागून तो चालू होणं किंवा शर्टाची बाही लागून व्हॉल्यूम फिरणं नेहमीचं आहे. दोन्ही तपासायला क्षणभर पुरतो.

तेवढ्याने काम झालं नाही तर तोच ट्यूनर मुद्दाम चालू करा आणि एक तार छेडा. सूर दिसला तर बेस, त्यातली बॅटरी आणि ट्यूनरपर्यंतची केबल ठीक आहे, गडबड पुढे आहे. सूर दिसला नाही तर गडबड तुमच्या हातात किंवा त्या एका केबलमध्ये आहे. एका छेडीत अर्धी शोधाशोध संपते. म्हणूनच पेडल एकच ठेवायचं असेल तर ते ट्यूनरचं असावं, आणि पेडलच्या साखळीत सगळ्यांत पहिलं असावं.

यानंतर एकेक पेडल तपासत बसू नका. सगळी साखळी बाजूला काढा आणि बेसमधून निघालेली केबल सरळ डीआय बॉक्समध्ये (बेसचा आवाज साउंडवाल्यांच्या मिक्सरकडे पाठवणारी छोटी पेटी) किंवा अ‍ॅम्पमध्ये लावा. आवाज आला की वाजवायला लागा. इफेक्टशिवायचा बेस श्रोत्यांना खटकत नाही, बेसच नसलेलं गाणं मात्र लगेच पोकळ वाटतं.

एक सवय मात्र कुठल्याही घाईत सोडायची नाही: केबल उपटण्याआधी साउंडवाल्यांना हाताने खूण करून लाइन बंद करायला सांगा. चालू लाइनवर जॅक काढला की सबवूफरमधून जो ठोका बसतो तो स्पीकरच्या पडद्याला बरा नाही आणि पुढच्या रांगेतल्या लहान मुलांच्या कानांनाही नाही.

तोवर बाकीच्यांनी काय करायचं? मी थांबलो तर सगळेच गडबडतात.

हे आधी ठरवून ठेवायचं असतं. आपल्याकडच्या बहुतेक वाद्यवृंदांत कीबोर्ड असतोच. बेस गेला की कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने खालचे सूर धरायचे, एवढं तालमीत एकदा करून बघा. फार कलाकुसर नको, प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर आणि समेवर ठोका पुरे. तबला किंवा ढोलकी साथीला असेल तर डग्ग्याची, धुमाची घुमक खालची बाजू बऱ्यापैकी भरून काढते. वादकाला फक्त कळायला हवं की आता भार त्याच्यावर आहे.

खूण ठरलेली असावी आणि ती ड्रमवाल्याला किंवा ऑक्टोपॅडवाल्याला दिसेल अशी असावी. गायकाकडे बघू नका. त्याचं लक्ष विचलित झालं तर सगळ्या प्रेक्षागृहाला कळतं. आणि स्वतः ताल सोडू नका. हात केबलवर असला तरी पाय ठेका धरून असू दे, म्हणजे परत शिरताना समेवर शिरता येतं.

आवाज खरखरतो, येतो आणि जातो. केबल की जॅक?

बेस अगदी स्थिर धरा आणि केबल फक्त मधोमध हलवा. खरखर झाली तर केबल. केबल न हलवता बेसजवळचा प्लग हळूच कलता केला आणि खरखर झाली तर बेसचा जॅक. नट सैल झाला की सगळा जॅक आत फिरतो आणि मागच्या तारांना पीळ पडतो. फेंडर पद्धतीच्या बेसवर हा नट साधारण अर्ध्या इंचाचा असतो. नुसता नट आवळत गेलात तर जॅकही त्याच्याबरोबर फिरतो आणि आतला जोड तुटतो. त्यामुळे जॅक एका हाताने पक्का धरूनच नट आवळायचा.

केबल तुटते ती बहुतेक वेळा प्लगच्या तोंडाशी, कारण ओढ तिथेच बसते. केबल आधी पट्ट्यामधून, म्हणजे बेसच्या मागच्या बटणाजवळून फिरवून मग जॅकमध्ये लावा. कुणाचा पाय पडला तर ओढ पट्टा घेतो. याला खर्च शून्य आहे, आणि माझ्या मते महागडी केबल घेण्यापेक्षा या एका वळशाने जास्त कार्यक्रम वाचतात.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर ती पोटेन्शिओमीटरमधली धूळ. ती वेळ स्टेजवरची असेल तर बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवा, तात्पुरती साफ होते. घरी गेल्यावर काँटॅक्ट क्लीनर.

माझा बेस अ‍ॅक्टिव्ह आहे. बॅटरी संपत आल्याचं कसं ओळखायचं?

अशा बेसच्या आत बॅटरीवर चालणारं सर्किट असतं. बॅटरी संपत आली की आवाज आधी पातळ होतो, मग जोरात छेडल्यावर फाटतो, मग जातो. फाटणं सुरू झालं की तुमच्याकडे फार वेळ नाही. बेसवर पॅसिव्ह स्विच असेल तर तो लगेच दाबा आणि अ‍ॅम्पवर थोडा व्हॉल्यूम वाढवा. बॅटरीची गरजच संपते. असा स्विच नसलेला बेस घेणाऱ्यांनी ९ व्होल्टची एक नवी बॅटरी आणि झाकण उघडायचा स्क्रू ड्रायव्हर कायम खिशात ठेवावा. बॅगेत नाही, खिशात.

अशा बहुतेक बेसमध्ये केबल आत लावली की बॅटरी जोडली जाते, म्हणजे मध्यंतरात केबल लावून ठेवली तर बॅटरी खर्च होत राहते. नव्या अल्कलाइन बॅटरीवर मल्टीमीटर साडेनऊच्या आसपास दाखवतो. ८ च्या खाली आली की कार्यक्रमाला नेऊ नका, घरी रियाजाला वापरा.

अ‍ॅम्प मेला. आता संपलं का?

नाही, जर डीआय बॉक्स अ‍ॅम्पच्या आधी असेल तर. या मुद्द्यावर मी हटून बसतो. बऱ्याच अ‍ॅम्पना मागे स्वतःचा डीआय आउटपुट असतो आणि साउंडवाले तिथूनच लाइन घेतात, कारण सोपं पडतं. पण अ‍ॅम्प बंद पडला की स्टेजवरचा आवाजही जातो आणि बाहेरचाही. वेगळा डीआय बॉक्स मध्ये ठेवला, बेस डीआयमध्ये आणि डीआयच्या ‘थ्रू’मधून अ‍ॅम्प, की अ‍ॅम्प मेला तरी प्रेक्षकांना काहीच कळत नाही. तुम्ही फक्त मॉनिटरमध्ये बेस वाढवून मागायचा.

त्यातही पॅसिव्ह डीआयमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला वीजच लागत नाही. अ‍ॅक्टिव्ह डीआयला बॅटरी किंवा मिक्सरकडून येणारे ४८ व्होल्ट लागतात. गावोगावच्या कार्यक्रमांना जाणाऱ्याने स्वतःचा एक साधा पॅसिव्ह डीआय बाळगावा. बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं.

अ‍ॅम्प दोन-तीन गाण्यांनंतर आपोआप बंद होतो आणि थोड्या वेळाने चालू होतो. असं का?

तीन कारणं असतात आणि ती वेगवेगळी ओळखता येतात.

उष्णता: पंख्याची जाळी पडद्याला किंवा मागच्या फ्लेक्सला टेकलेली असते, किंवा मे महिन्यातल्या दुपारच्या साउंडचेकला अ‍ॅम्प उन्हात तापलेला असतो. जागा मोकळी करा, सावली द्या.

ओहम: हे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप. ८ ओहमची दोन कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, एकत्र जोडली की अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात, ४ ची दोन जोडली की २. अ‍ॅम्पवर ‘किमान ४’ लिहिलेलं असताना २ चा भार दिला तर तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. एक कॅबिनेट काढा आणि कार्यक्रम पूर्ण करा. याच वेळी स्पीकरची केबलही बघा. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यातली आतली तार बारीक असते आणि ती स्पीकरला लावायची नसते. तापते, क्वचित वितळून शॉर्ट होते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्पीकर काढून तो कधीही चालू ठेवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

व्होल्टेज: जनरेटरवर लाइटवाल्यांचे सगळे ‘पार’ दिवे एकदम पेटले की व्होल्टेज बसतं आणि त्याच क्षणी अ‍ॅम्प गेला, तर कारण उघड आहे. साउंड आणि लाइट वेगवेगळ्या फेजवर किंवा वेगळ्या जनरेटरवर मागायचे. हे मागणं वादकाचा हक्क आहे, नखरा नाही.

स्टेजवर सतत ‘घूं’ असा आवाज आहे. तो कुठून येतो?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि बेसची गोष्टच अशी की हा ५० हर्ट्झ थेट आपल्या सुरांत येऊन बसतो. ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा जी, म्हणजे पांढरी पाचचा सूर, ४९ हर्ट्झचा आहे. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर घूं त्याच्याखाली लपतो आणि साउंडचेकला कुणाच्या लक्षातच येत नाही. पुढचं गाणं काळी चारमध्ये लागलं की तो सूर सुमारे ५२ हर्ट्झचा, आणि दोघांमधल्या फरकामुळे सेकंदाला साधारण दोनदा आवाज हेलकावतो. वादकाला वाटतं बेस उतरला. बेस उतरलेला नसतो. म्हणून घूं ऐकायचा तो सगळ्यांनी वाजवणं थांबवल्यावर, शांततेत. काही घूं १०० हर्ट्झचा असतो, खुल्या जी तारेच्या (९८ हर्ट्झ) शेजारचा.

शोधायची रीत सोपी आहे. बेसचा व्हॉल्यूम शून्य करा. घूं तसाच राहिला तर बेस निर्दोष आहे, गडबड पुढे. गेला, तर बेस अंगावर घेऊन जागेवर गोल फिरा. एका दिशेला घूं कमी होत असेल तर पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा बेसवरचा भाग, जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा डिमरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय, तुम्ही जागा बदला. जॅझ बेस पद्धतीच्या बेसवर दोन सिंगल कॉइल पिकअप एकमेकांचा घूं मारतात, पण दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे असतील तरच. एक कमी केला की घूं वर येतो. अशा जागी दोन्ही पूर्ण उघडे ठेवा आणि टोन अ‍ॅम्पवर जुळवा.

व्हॉल्यूम शून्य असूनही राहणारा घूं बहुतेक वेळा अर्थिंगच्या फेऱ्याचा असतो. तुमचा अ‍ॅम्प स्टेजवरच्या बोर्डातून अर्थ घेतो, मिक्सर प्रेक्षागृहाच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डातून, आणि दोघांना जोडणारी लाइन हा फेरा पूर्ण करते. डीआय बॉक्सवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ स्विच नेमका यासाठी असतो. तो दाबला की लाइनमधली जोडणी तुटते, विजेचं अर्थिंग मात्र जागेवर राहतं.

पुढचं वाक्य लक्षात ठेवा: घूं घालवण्यासाठी तीन पिनच्या प्लगची मोठी पिन कधीही काढायची नाही, तिच्यावर टेप लावायचा नाही, दोन पिनचा कन्व्हर्टर वापरायचा नाही. स्टेजवर हे सर्रास सुचवलं जातं. सुचवणारा कितीही अनुभवी असला तरी नाही म्हणा.

गाताना माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. सगळे म्हणतात, ‘थोडा करंट असतोच’. खरं आहे का?

असतोच हे खरं, चालतो हे खोटं.

तुमचा डावा हात तारांवर आहे, तारा अ‍ॅम्पच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या आहेत, ओठ मिक्सरला जोडलेल्या माइकवर. दोन्हींकडचं अर्थिंग ठीक असेल तर दोघांमध्ये फरक उरत नाही. एका बाजूचं अर्थ तुटलं की तो फरक तुमच्या छातीतून जातो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. ती चूक आजही प्रत्येक मांडवात होऊ शकते.

झिणझिण्यांचं कारण अनेकदा साधं असतं: हल्लीच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर थोडी गळती पेटीवर सोडतात, अर्थ असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्या अंगात. हा प्रवाह अगदी कमी असतो. पण तो कमी आहे की फेज सरळ पेटीला लागला आहे, हे जिभेने किंवा बोटाने ओळखता येत नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही करायचा नाही.

मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बेसच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाजवणं सुरू करू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्टेजवरचे सगळे बोर्ड एकाच अर्थिंगवर आणायला सांगा, आणि पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का विचारा. सॉकेट तपासणारा छोटा टेस्टर मिळतो, तोही जवळ असावा. अर्थ अजिबात नसेल तर तो सांगतो, अर्थ कितपत चांगलं आहे ते मात्र सांगत नाही. फोमचं आवरण माइकवर घालणं हा गायकाचं तोंड वाचवायचा तात्पुरता उपाय, बिघाड तसाच राहतो.

आयोजक चिडतील, वेळ जाईल. जाऊ दे.

तार तुटली तर?

बेसची तार क्वचित तुटते, पण तुटली की बदलायला गिटारपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे आधी बघा कुठली तुटली. जी तुटली तर तिचे सगळे नेहमीचे सूर डी तारेवर पाचव्या फ्रेटपासून पुढे सापडतात. खरा प्रश्न फक्त ई तारेचा. ती गेली की पांढरी तीन ते काळी चार हे सगळ्यांत खालचे पाच सूर जातात, तेवढे एक सप्तक वर घ्यायचे. ई हवा असेल तर डी तारेचा दुसरा फ्रेट. ऐकणाऱ्याला वजन थोडं कमी झाल्यासारखं वाटेल, गाणं अडणार नाही. एक तार निघाल्यामुळे मानेवरचा ताण कमी होतो आणि बाकीच्या किंचित चढतात, म्हणून गाणं संपताच ट्यूनर बघा.

नवा संच लावताना जुन्या तारा फेकू नका. गुंडाळून बॅगेत ठेवा. ताणलेली जुनी तार नव्यापेक्षा लवकर सुरात स्थिरावते.

एसी नाट्यगृहातून मैदानावर गेलं की बेस सुरात राहत नाही.

लाकूड आणि धातू दोन्ही हवेप्रमाणे बदलतात. बेस वाजवायच्या जागी निदान अर्धा तास आधी केसमधून बाहेर काढून ठेवा. पावसाळ्यात मान वाकून तारा फ्रेटवर वाजायला लागल्या तरी कार्यक्रमाच्या मध्ये ट्रस रॉडला, म्हणजे मानेतल्या सळईला, हात लावू नका. थोडं हलक्या हाताने वाजवून वेळ निभावून न्या.

वायरलेस साउंडचेकला उत्तम चालतो आणि गर्दी झाली की तुटतो.

स्वस्त संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथेच वाय-फाय आणि ब्लूटूथ असतं. सभागृह भरलं की शेकडो मोबाइल त्याच जागेत येतात. रिसीव्हर मागच्या रॅकमध्ये न ठेवता तुमच्या समोर, डोळ्यांना दिसेल असा ठेवा. आणि एक केबल अ‍ॅम्पशेजारी मोकळी ठेवाच.

पेडलबोर्डची वीज गेली तर पेडल बंद असूनही आवाज का जातो?

सगळीच पेडल ‘ट्रू बायपास’, म्हणजे बंद असताना आवाज सरळ पुढे सोडणारी, नसतात. बफर (आवाज पुढे ढकलणारं सर्किट) असलेल्या पेडलला बंद स्थितीतही वीज लागते, नाहीतर आवाज पुढे जात नाही. अ‍ॅडॉप्टर गेला की उपाय एकच, सगळी साखळी बाजूला. बदली अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्ट, मिलिअँपिअर आणि मधली पिन ऋण आहे की धन, हे तिन्ही बघा.

अचानक पाऊस आला.

मुख्य स्विच आधी, आवराआवर नंतर. ओल्या हातांनी, ओल्या स्टेजवर उभं राहून अ‍ॅम्पची बटणं बंद करायला जाऊ नका. जनरेटरवाल्याला सांगून मुख्य पुरवठाच काढा. मग प्लास्टिक टाका. भिजलेला अ‍ॅम्प त्या रात्री पुन्हा चालू करायचा नाही, वाळला असं वाटलं तरीही. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ वाजवून आलात तर पाऊस नसतानाही तारा, जॅक आणि प्लग कोरड्या कापडाने पुसा. खारी हवा हळूहळू गंज चढवते.

बॅगेत काय असावं?

जास्तीची केबल, बॅटरी, पॅसिव्ह डीआय, या क्रमाने. त्यानंतर जुन्या तारा, जॅकचा पाना, ॲलन की, पक्कड, इन्सुलेशन टेप, छोटी टॉर्च, मल्टीमीटर, अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्याच क्षमतेचे फ्यूज. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चांदी कधीच नाही. पट्टा बटणावरून निसटत असेल तर बटणावर रबरी वॉशर बसवा. बदली बेस नेता आला तर उत्तम. तो महाग असायची गरज नाही, सुरात असला की झालं.

साउंडचेकला वेळच मिळत नाही. १० वाजता बंद करायचं असतं.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांवर बंधन आहे. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. सत्कार आणि भाषणं लांबली की कात्री बसते ती वाजवण्यावर. अशा वेळी पूर्ण साउंडचेकचा आग्रह सोडा आणि तीनच गोष्टी करा: माइक आणि तारांमधलं व्होल्टेज मोजा, शांततेत घूं ऐका, आणि सगळ्यांत खालचा सूर मोठ्याने वाजवून मॉनिटर फाटतो का बघा. साउंडवाल्या दादांशी ओळख गाडीतून सामान उतरतानाच करून घ्या, नाव विचारा. गडबड झाल्यावर ते तुमच्याकडे बघत असतील तर निम्मं काम झालेलं असतं.

अमेरिकेतल्या भावाने अ‍ॅम्प आणलाय. इथे लावू का?

मागची पट्टी वाचल्याशिवाय नाही. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदलून लावता येतो. नुसतं ‘१२०’ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर फ्यूज तर जातोच, अनेकदा आतलंही जळतं. काही अ‍ॅम्पना मागे १२०/२३० निवडायचा स्विच असतो. तो बदलताना फ्यूजची क्षमताही बदलावी लागते का, ते त्याच पट्टीवर लिहिलेलं असतं. नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा बऱ्याच जास्त क्षमतेचा आणि तीन पिनचा. बाजारात मिळणारे छोटे दोन पिनचे ट्रान्सफॉर्मर अर्थिंग तोडतात, ते घेऊ नका.